केळफुलाचा गाभा

जाईला पाळण्यात टाकून मी आंघोळीला गेले. बाहेर आले तर सासूबाई स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरून, हाताला तेल चोळून, माझं केळफूल निवडत बसल्या होत्या.

"आई! ते माझ्या लेक्चरचं होतं!"

त्यांचा हात विळीवरच थांबला. "लेक्चरचं? अगो, फ्रीजात होतं ते! मला वाटलं भाजीला आणलंस. आज तुला घाई, म्हटलं आपण निवडून टाकू."

ताकाच्या पातेल्यात चिरलेली फुलं तरंगत होती. बाजूला काड्यांचा ढीग. केळफुलातल्या प्रत्येक फुलातून टोकाला गाठ असलेली कडक काडी आणि काचेसारखा एक पापुद्रा काढून टाकायचा असतो, ते दोन्ही शिजत नाहीत. माझ्या विषयात त्या काडीला कुक्षीवृंत म्हणतात, गाठीला कुक्षी, आणि पापुद्रा म्हणजे सुटं परिदल. मला जे दाखवायचं होतं, तेच नेमकं निवडून काढलेलं.

एक वाजता घणसोलीच्या एका ज्युनियर कॉलेजात निवडीसाठी डेमो लेक्चर होतं, विषय फुलाची रचना. सकाळी सात ते साडेअकरा असलेली, जाईला आईंकडे ठेवून करता येईल अशी ही एकच नोकरी समोर आली होती. ऐरोलीत ऑफिसं रग्गड, पण तिथून सुटून घरी यायला रात्र होते. आणि तिथे फुलं नसतात.

"खालची जास्वंद ने की," आई म्हणाल्या.

"जास्वंद सगळेच आणतात, आई."

"मग भाजी होईपर्यंत थांब. डबा देते, खाऊन नोकरी देतील."

रडू येत होतं तरी मला हसू फुटलं. तेवढ्यात त्यांच्या पायाशी पडलेला गाभा दिसला. केळफुलाचा अगदी आतला, बोटाएवढा पांढरा कोंब.

"हा राहिलाय?"

"तो तसाच चिरायचा. कोवळा असतो, त्यात निवडायला काही नसतं."

मी नखाने त्याचा एक छद उचलला. छद म्हणजे फुलांवरचं ते पांघरुणासारखं पान. बाहेर जांभळं असतं, इथे हस्तिदंती होतं. खाली फुलांच्या दोन ओळी, तांदळाच्या कणीएवढ्या. पर्समधून भिंग काढलं. एक कणी सुईने उकलली. पाच पुंकेसर. मधोमध काडी, काडीला गाठ. सगळं जागच्या जागी.

पुढचा छद. फुलं तिळाएवढी. त्यांतही सगळं.

जाई उठून रडायला लागली. आई तिला कडेवर घेऊन आल्या आणि माझ्या खांद्यावरून वाकल्या. "बघू दे जरा." जाईचे हात बाजूला सारत त्या बराच वेळ भिंगातून बघत राहिल्या.

"एवढ्याशात काडीसुद्धा?"

"हो."

"जन्मभर चिरत आले गो मी हे," त्या हळूच म्हणाल्या. "आत कोण बसून करतं हे?"

कोंबाच्या टोकाला नवं घडवत राहतो तो 'वर्धनबिंदू', असं मी म्हणणार होते. जाई आजीच्या तोंडाकडे बघत होती.

ओल्या फडक्यात गाभा गुंडाळला, डब्यात घातला आणि रिक्षा पकडली.

वर्गात पुढच्या बाकांवर काही मुलं, मागे प्राचार्य आणि विभागप्रमुख श्रुती मॅडम. मागे बसण्याआधी मॅडमनी डब्यात डोकावून पाहिलं. "एवढंच? बाकीचं फूल कुठंय?"

"ताकात आहे, मॅडम. सासूबाईंनी भाजीला घेतलं."

मुलं खो खो हसली. मॅडम हसल्या नाहीत. आधी व्याख्या फळ्यावर लिहायच्या असं घोकून आले होते, त्या राहिल्याच. छद उघडला, भिंग पहिल्या बाकावर दिलं आणि म्हटलं, "आधी बघा. नावं मागून सांगते."

भिंग हातोहात फिरलं. प्रत्येक छदाखाली फुलं अजून बारीक होत गेली. मुलं बाकांवरून उठून टेबलाभोवती आली. "मॅडम, यात पण आहे!" कुणी विचारलं, याला काय म्हणायचं? मग मी एकेक नाव दिलं: परिदल, पुंकेसर, कुक्षी. त्या टिचभर टेबलावर मला ते शब्द पहिल्यांदाच ऐकल्यासारखे वाटले.

प्राचार्यांनी घड्याळ दाखवलं. "वेळ झाली."

श्रुती मॅडम केव्हा पुढे आल्या मला कळलंच नव्हतं. भिंग त्यांच्या हातात होतं. "सर, एक छद राहिलाय."

तो मी सुईच्या टोकाने उचलला. खाली नुसते पांढरे ठिपके, ओळीत.

"इथे काहीच नाही," एक मुलगी म्हणाली.

"आहे," मॅडम म्हणाल्या. "फक्त याचं काय होणार, हे अजून दिसत नाहीये."

"सोमवारपासून सातची बॅच," मॅडमनी मान वर न करताच मला विचारलं. "जमेल ना?"

"जमेल," मी म्हटलं, आणि सुई धरलेला हात हलू दिला नाही. त्या अजून बघत होत्या.