मनूनं लपवलेला धोटा

मी शहापूरच्या परशराम विणकराच्या मागावरचा धोटा बोलतोय. सुतारानं मला शिसवीतून घडवलं, दोन्ही टोकांना लोखंड ठोकलं. पोटात सुताची कांडी घ्यायची आणि साडीच्या उभ्या ताण्यातून इकडून तिकडं पळायचं, एवढाच माझा जन्म. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती माणसांबद्दल.

परशराम पुढच्या खोलीत विणायचा. त्याची बायको चंद्राबाई मागच्या पडवीत रहाटावर कांड्या भरायची. तिच्या भावाच्या लग्नाला त्यानं तिला माहेरी कडोलीला पाठवलं नाही, तेव्हापासून दोघांत अबोला. अबोला म्हणे! बोलायचे सगळं, पण आठ वर्षांच्या लेकीच्या, मनूच्या तोंडून.

"मनू, तुझ्या आईला इचार, कांड्या भरती का झोपली?"

पोर मागं जायची. "आई, आप्पा म्हणत्यात, कांड्या सरल्या."

"बटीक न्हवं मी त्यांची, सांग जा."

पोर पुढं यायची. "आप्पा, आई आत्ता देती म्हणाली."

कडू न्यायची, गोड करून द्यायची. मला लई कौतुक वाटायचं. मीही मूर्खच.

एकदा परशराम पाणी प्यायला मागं गेला आणि चंद्राबाईचे खरे शब्द त्याच्या कानांवर पडले. बापानं दरडावलं, "खोटं का बोललीस?" आईनं दंड धरला, "तू कुणाकडची हाईस, सांग." त्या दिवशी मनूनं घासभरही खाल्लं नाही.

दुसऱ्या दिवशी माग सुरू व्हायच्या आधी तिनं मला उचललं आणि तांदळाच्या मडक्यात खुपसलं.

माग अडला. "तूच लपवलास," परशराम बायकोवर ओरडला. "मी कशाला लपवू?" ती उसळली. अबोला सुटला खरा, पण भांडणानंच. दुपारी भात लावताना चंद्राबाईच्या हाताला मी लागलो. दोघं मनूपुढं उभे राहिले.

"का गं असं केलंस?"

पोरीचे ओठ नुसतेच हलत राहिले. मग म्हणाली, "धोटा न्हाय तर... कांडी नगं. कांडी नगं तर... म-मला सांगाय जायाला नगं."

चंद्राबाईनं पोरीला जवळ ओढलं. परशरामनं मला हातही लावला नाही. त्या दिवशी माग चाललाच नाही.

पुढं ते दोघं समोरासमोर बोलले, भांडलेही समोरासमोर. पण मनूची जीभ अडखळली ती अडखळलीच. आता तिला लेकरं आहेत. तरी घरात कुणाचा आवाज चढला की तिचा शब्द ओठांतच अडतो.

जगभर पेटलेल्या लढाईपायी सूत मिळेनासं झालंय, मी कोनाड्यात पडलोय. आईबापहो, भांडायचं तर भांडा, पण पोराला मधून पळवू नका. मी जन्मभर दोन्हीकडं आदळलो आणि टिकलो, कारण माझ्या टोकांना लोखंड होतं. लेकराला ते कुणी ठोकलेलं नसतं.