सरूताईचा एमआरआय

पेणहून निघताना सरूताईच जास्त धीट होती. "मला काय झालंय? मी निरोगी माणूस हाय," असं एसटीत तिने दोनदा ऐकवलं.

हर्षद तिचा धाकटा भाऊ, रोह्याजवळच्या वरसे गावात राहणारा. सहा वर्षांपूर्वी त्याला मनाच्या टोकाच्या चढउतारांचा, बायपोलर आजार निघाला. आता गोळ्या नेमाने घेऊन तो कंपनीत शिफ्ट करत होता. पनवेलच्या एका इस्पितळात अशा रुग्णांच्या मेंदूतल्या, इकडचा निरोप तिकडे नेणाऱ्या पांढऱ्या तंतूंचा अभ्यास चालला होता. तुलनेला आजार नसलेली सख्खी भावंडंही हवी होती.

हर्षद एमआरआयच्या यंत्रात चक्क झोपला. त्याला हाक मारून उठवावं लागलं. मग बांगड्या, पिना, मंगळसूत्र काढून सरूताई आत गेली आणि तिसऱ्याच मिनिटाला थांबवायची खूण म्हणून हातात दिलेला रबरी फुगा दाबून बाहेर आली.

"मी नाय जायची! केवढं ठोकतंय आत!"

"मीपण मागे पहिल्या एमआरआयला पळालेलो गो ताई. डोळे आधीच मीट, आणि मनात तुझ्या सासरचं, गागोद्याचं भातशेत लावायला घे. एकेक मूठ. फक्त वाकू नको, हलायचं नाय."

परवानगी घेऊन, खिसे रिकामे करून तो तिच्या घोट्यावर हात ठेवून उभा राहिला. या खेपेला ती शेवटपर्यंत टिकली.

"सगळं शेत लावलं," बाहेर येताच ती म्हणाली, "वर शेजारणीचंही अर्धं!"

हा अभ्यास करणाऱ्या डॉक्टर प्रणितांनी पडद्यावर दोघांची चित्रं दाखवली. लाल, हिरव्या, निळ्या धाग्यांचे झुबके.

"यातलं आजारी कुठलं?" सरूताईने विचारलं.

"एकेका चित्रावरून मलाही नाही सांगता येत. शेकडो माणसांची एकत्र मांडली, तर कुठे बारीकसा फरक दिसतो. आजार कळतो तो माणसाशी बोलूनच."

सरूताई काढलेल्या बांगड्या पुन्हा चढवू लागली. सासरी तिने भावाचा आजार लपवला होता. 'त्याला शिफ्ट असते' म्हणत सणावारीही त्याला बोलावणं टाळलं होतं. हर्षदला ते ठाऊक होतं. तो कधी बोलला नव्हता.

पेण स्टँडवर तो रोह्याच्या गाडीकडे वळला, तेव्हा तिने त्याची बाही धरली.

"घरी चल. आज सासूबाईंना सांगते."

"काय सांगशील?"

"खरं तेच. भावाला आजार हाय, तो गोळ्या घेतो, आणि मशीनला घाबरून पळाली ती मी."

हर्षद इतका मोठ्याने हसला की कंडक्टरने वळून पाहिलं.

गागोद्याला सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"गोळ्या जेवणाआधी का नंतर?" त्यांनी हर्षदला विचारलं.

"नंतर."

"मग बस," म्हणत त्या भात टाकायला उठल्या.