ओल्या बिया

शरदातल्या फुलांना असा बहर आला होता, की शेवंतीच्या वाफ्यांपुढे फोटो काढणाऱ्यांची गर्दी हटत नव्हती. तळ्याकाठच्या म्हाताऱ्या झाडाकडे मात्र कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. खोड आतून पोखरलं होतं आणि सोमवारी ते तोडायचं ठरलं होतं. अख्ख्या उद्यानात त्या जातीचं ते एकच झाड, आणि जाता जाता त्याने मूठभर फळं धरली होती.

वडिलांकडून आलेली बियांची खोली सांभाळणाऱ्या लेकीने शिडीवर चढून शेवटचं फळसुद्धा उतरवलं, गर काढला आणि बिया बादलीभर पाण्यात ठेवल्या. ही बी भलतीच नाजूक, सुकली की मेली. हे तिला शिकवलं बाबांनीच, ही खोली त्यांच्या ताब्यात होती तेव्हा. आता त्यांना आपण जेवलो की नाही तेही आठवत नसे. घरी एकटं ठेवायची सोय नव्हती, म्हणून ती त्यांना रोज सोबत आणायची.

पेरणीसाठी कुंड्या भरून झाल्या आणि साहेबांचा निरोप आला, पाहुण्यांना जरा फुलं दाखवा. साहेबांचं ‘जरा’ म्हणजे अर्धा दिवस!

ती परतली तेव्हा बाबा घामाघूम, पण खुशीत होते. "कुणा गाढवाने बी पाण्यात टाकली होती, पोरी! कुजली असती सगळी. पुसून सुकायला लावली."

सुकवणीच्या कपाटाचा पंखा घरघरत होता. तिने ट्रे ओढला. बिया खडखडीत, साली तडकलेल्या. एकेक कापून पाहिली. सगळ्या आतून काळ्या. जन्मभर बिया सुकवलेले हात ते. जित्याची खोड! रागवायचं तरी कुणावर? झाडाच्या मागे आता कुणीच उरलं नव्हतं.

बाबांनी तिच्या हातातली अर्धी बी घेऊन उजेडात धरली आणि त्यांचा चेहराच बदलला.

"ही तर तळ्याकाठची! कुणी सुकवली? काय शिकवलं होतं मी तुला? बोल ना, कुणी?"

"मीच, बाबा. चुकलं माझं."

"आता कुठून आणशील गं?" म्हणत ते लहान मुलासारखे रडू लागले.

तिने त्यांना जवळ घेतलं. बाबांनी विसरावं, असं तिला आज पहिल्यांदाच वाटत होतं. पण आज ते काही केल्या विसरेनात.