बाराशे तीनचा कॅमेरा

"रहिवाशांनी लक्ष द्यावं. आपल्या इमारतीतली काही यंत्रं बाहेरचं कुणीतरी हल्ल्यासाठी वापरतंय, असं इंटरनेट कंपनीनं कळवलंय. कॅमेऱ्यांचे पासवर्ड बदलून घ्या."

भिंतीतल्या स्पीकरवरून इमारतीचे मॅनेजर मा बोलत होते. हेरिन आपल्या बाळाला, रोउनला, पेज भरवत होती. "यांचं रोजचंच," म्हणत तिनं आवाज बारीक केला.

तीन दिवसांनी रोउन तापला. मुलांच्या डॉक्टरांचे नंबर सकाळी आठला ॲपवर सुटायचे आणि दोन मिनिटांत संपायचे. आज ॲप उघडेचना. तिनं दवाखान्यात फोन लावला.

"रोउनची आई, मी तरी काय करू?" नर्स वैतागली होती. "हजारो यंत्रं एकदम आमच्या ॲपचं दार ठोठावतायत. या खोट्या गर्दीत खऱ्या आया बाहेरच राहतायत. लोकांच्या घरातले कॅमेरे आहेत म्हणे, मालकांना पत्ताच नाही. तुम्ही सरळ इथं येऊन बसा."

हेरिननं पाळण्यावरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. बाळावरून नजर हटू नये म्हणून तिनंच तो बसवला होता. पासवर्ड खोक्यातून आला तोच, चार शून्यं. घरात कुणी काही बघत नव्हतं, तरी वायफायच्या डबीचा दिवा थरथरत होता. तिनं कॅमेऱ्याची वायर उपटली. दिवा शांत झाला.

रोउनला पाठीशी बांधून ती दवाखान्यात गेली. अकराला नंबर लागला. औषध घेऊन परतली ती थेट मॅनेजरच्या ऑफिसात.

"मा साहेब, माईक द्या. त्या हल्ल्यात माझाही कॅमेरा होता, सगळ्यांना सांगायचंय."

"घर नंबर तेवढा सांगू नका हं. इमारतीचं नाव खराब होईल, फ्लॅटचे भाव पडतील."

"पडू देत. माझ्याच कॅमेऱ्यानं माझ्या पोराची वाट अडवली. आपण लाजून गप्प बसतो, म्हणून तर त्या लोकांचं फावतं."

"तुम्हाला नाही वाटत लाज?"

"वाटते ना. म्हणूनच माईक मागतेय."

मा साहेबांनी कपाळाला हात लावला, पण बटण दाबलं.

"मी बाराशे तीनमधली हेरिन. दवाखाना बंद पाडणाऱ्यांत माझा कॅमेरा होता. इशारा मी ऐकला होता, उठले मात्र नाही. उद्या आठला आणखी कुणाचं तरी बाळ तापलेलं असेल, म्हणून तुम्ही आत्ताच उठा, पासवर्ड बदला. आणि स्वतःच्या घरावर थांबू नका. एकट्या राहणाऱ्या आईकडे तुम्हीच कॅमेरा लावून दिलाय ना? तिला यातलं काही जमायचं नाही. आज तिच्याकडे जाऊन तोही पासवर्ड बदलून याल?"