दारापाशी लिहिलेलं नाव

धारवाडच्या त्या गृहसंघात घर बांधताना प्रत्येकाने एक नियम मान्य केला होता. उंबऱ्याच्या आतलं मालकाने बघायचं, बाहेरचं संघाने. कौलं फुटली, गटार तुंबलं, कुंपण कललं, की संघाची माणसं येत. दसऱ्याच्या आधी सगळ्या घरांच्या बाहेरच्या भिंतींना एकदमच चुना लागे. कोर्टात नकला उतरवणाऱ्या विठ्ठलरावांना हा नियम फार सोयीचा वाटे. गवंड्याशी घासाघीस नको, कौलं शाकारणाऱ्याच्या मागे लागणं नको. चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की त्यांच्या घशाला कोरड पडायची.

यंदा मात्र त्या चुन्याच्या धास्तीने त्यांची झोप उडाली होती.

वैशाखात त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, इंदुमतीचं लग्न झालं. लग्नघर म्हणून चिताऱ्याने दाराच्या उजव्या अंगाला गणपती काढला, दोन हत्ती काढले आणि खाली कावेने ठसठशीत लिहिलं, ‘चि. सौ. कां. इंदुमती’. सासरी अळणावरला गेल्यावर तिचं नाव बदलून शालिनी झालं. जंगलाकडचं गाव ते. श्रावणात हिवतापाने तिला नेलं. तार आली तीही शालिनी गेल्याची. तार हातात धरून विठ्ठलराव क्षणभर विचार करत उभे राहिले, ही शालिनी कोण?

त्या दिवशी वेणूबाई नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, “या घरात आता तिचं नाव काढू नका.”

विठ्ठलरावांनी काढलं नाही. पण जातायेता त्यांची नजर भिंतीकडे वळायची. इंदुमती हे नाव डोळ्यांना दिसेल असं तेवढ्या एकाच जागी उरलं होतं, आणि ती भिंत होती संघाची.

संघाची बैठक रामचंद्रपंतांच्या पडवीत भरली. पंत म्हणजे निवृत्त मामलेदार, संघाचे अध्यक्ष. आवाज मोठा, मन त्याहून मोठं. तिथे जाताना विठ्ठलरावांनी वाटभर एकच वाक्य घोकलं होतं. ‘माझ्या दारापाशी लिहिलेलं नाव काढू नका.’

चुन्याचा विषय निघताच बाळाचार्य म्हणाले, “पंत, यंदा चुन्यात थोडा चुनाही घाला हो! गेल्या वर्षी नुसती पाठ टेकली, तर भिंत काळी आणि माझा कोट पांढरा.”

“तुम्ही दिवसभर भिंतीला टेकून बसता, त्याला संघ काय करणार, आचार्य?”

हशा पिकला. तो ओसरेपर्यंत विठ्ठलराव उभे राहिले होते. ते कधी उभे राहत नसत, म्हणून सगळे एकदम गप्प झाले.

“माझ्या दारापाशी... ते नाव लिहिलंय... ते नाव काढू...”

‘नका’ काही बाहेर पडेना. डोळे भरून आले. पंत झटकन उठले आणि त्यांचा खांदा धरून त्यांना खाली बसवलं.

“बसा, विठ्ठलराव, बसा. आलं लक्षात. सगळ्यांच्या आधी तुमचं काम करून देतो. तुम्हाला पुन्हा बोलावं लागायचं नाही.”

विठ्ठलराव हलक्या मनाने घरी आले. बायकोला सांगावंसं वाटलं, पण नाव न काढता कसं सांगायचं? राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी कोर्टातून परतताना फाटकापाशीच चुन्याचा वास आला. ओल्या भिंतीसमोर वेणूबाई उभ्या होत्या. गणपती नव्हता, हत्ती नव्हते. ओल्या चुन्याखालून कावेची अक्षरं तेवढी पुसट दिसत होती.

तेवढ्यात काठी टेकत पंत आलेच. “सकाळीच माणसं लावली बघा! दोन हात द्यायला लावले, दुसरा आत्ताच झाला. वाळलं की काही म्हणून दिसायचं नाही. रोज रोज ते डोळ्यांसमोर नको, बरोबर आहे तुमचं.”

विठ्ठलरावांनी हात जोडले. “उपकार झाले,” असं कसंबसं पुटपुटले. पंत डोळे टिपत निघून गेले.

“मी त्या माणसांना ‘बेडा, बेडा’, नको नको, म्हणत राहिले,” वेणूबाई म्हणाल्या. “ते म्हणाले, ‘यजमानरे हेळ्यार्री.’ मालकांनीच सांगितलंय म्हणे. तुम्ही सांगितलंत?”

“मी ‘काढू नका’ म्हणणार होतो.”

“मग?”

“‘काढू’पर्यंत आलो.”

वेणूबाई पुन्हा भिंतीकडे वळल्या. रागाने बोलल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं.

“तुलाही तिचं नाव नको होतं ना...” ते म्हणाले. “काढू नका म्हणाली होतीस.”

“ते तोंडाने. मला ऐकवत नव्हतं हो. भिंतीवरचं मी रोज वाचत होते. तुम्ही कोर्टात गेलात की.”

उतरतं ऊन भिंतीवर आलं. चुना वाळू लागला तशी पहिली अक्षरं पांढऱ्यात बुडू लागली. वेणूबाईंनी आतून तांब्या आणला आणि ओंजळीने भिंतीवर पाणी मारलं. ओल धरली तशी अक्षरं पुन्हा वर आली.

“चिताऱ्याला बोलावू?” विठ्ठलराव म्हणाले. “पुन्हा लिहून घेऊ. मी पंतांशी बोलतो.”

“काय लिहून घेणार? चि. सौ. कां.?” त्या म्हणाल्या. “कुठल्या लग्नाचं?”

त्यांनी विहिरीवरून कळशी भरून आणली. दोघं आळीपाळीने पाणी मारत राहिली. दर खेपेला अक्षरं आणखी पुसट व्हायची. समोरच्या घरातून कुणीतरी डोकावलं आणि आत गेलं. बाहेरची भिंत भिजवू नये, असाही संघाचा एक नियम होता.

कळशी रिकामी झाली. मधलं एक अक्षर तेवढं अजून ओलं होतं. वेणूबाईंनी त्यावर तळवा ठेवला आणि श्रावणानंतर पहिल्यांदाच मोठ्याने म्हणाल्या,

“इंदुमती.”

हात काढला तेव्हा तळव्याला चुना लागला होता. भिंत पांढरी होती.