थोपटबाबा आणि बंदरातली मांजरं

धक्क्यावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. बर्फवाला बर्फ वितळत टाकून आला होता, न्हावी अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकासकट आला होता. टोकाला थोपटबाबा उभे. त्यांनी लांब काठी पाण्यात बुडवली, "झोप बाळा, झोप" म्हणत पाणी थोपटलं, आणि वाऱ्याने शहारलेला समुद्र बघता बघता निवला. आरशासारखा पट्टा पसरत गेला. देवमाशाच्या पाठीवर चहा उकळल्याची गोष्ट गावाला सांगणारा मीच; पण माझाही आ वासला.

समुद्र हे आपलं रडकं लेकरू असून त्याच्या तळाशी आपली गादी आहे, तिथे मासे आपले पाय चेपतात, असं बाबा सांगत. बसायची एक गादी धक्क्यावरही होतीच. बंदरातली झाडून सारी मांजरं त्यांच्या मागे फिरत. मुक्या जिवालाही संत कळतो, असं म्हणून बर्फवाल्याने डोळे पुसले.

आता खरी अडचण. वादळाचा बावटा चढला होता, साऱ्या होड्या बांधलेल्या. फक्त माझा लेक निघाला होता, बाबांची मंतरलेली बाटली खिशात घालून. लाट उठली की चार थेंब शिंपडायचे, बस्स. बाकी कुणी जात नाही म्हणजे सगळी मासळी आपलीच, हा त्याचा हिशेब.

सूनबाई डोंगराकडची, शाळेत विज्ञान शिकवणारी. आमच्याकडे होडीच्या फळ्यांना माशाचं तेल चोपडतात, त्यामुळे भिंतींना, उशांना, माणसांना तोच वास. आम्हाला तो येत नाही. आमची नाकं पाळण्यातच मेली. ती मात्र लग्न झाल्यापासून नाकाला रुमाल लावून वावरायची. नाकाने कांदे सोलते, असं माझी बायको शेजारणींना सांगायची.

त्या दिवशी तिने रुमाल काढला, गर्दीतून वाट काढली आणि संताचा चक्क वास घेतला.

"मामंजी, बाबांना होडीचा वास येतोय."

मी म्हटलं, "संताला चंदनाचाच वास यावा असं कुठं लिहिलंय?"

ती बाबांकडे वळली. "वारा पाठीवर घेऊन निजवलंत. आता त्या बाजूचं पाणी निजवा, वाऱ्याकडे तोंड करून."

"तिकडचा समुद्र आत्ताच जेवलाय, पोरी."

"मग तर छान झोप लागेल."

लोक हसले. बाबांना पर्याय उरला नाही. त्यांनी थोपटलं, पुन्हा थोपटलं. समोरचं पाणी शहारतच राहिलं. चकचकीत तवंग मागे फिरून त्यांच्याच पायाखालच्या दगडांना चिकटला. बाबांनी काठी वर घेतली, तेवढ्यात एका बोक्याने उडी मारून तिच्या टोकात खुपसलेला चिंधीचा बोळा ओढला. पोकळ काठीतून माशाचं तेल बदाबदा सांडलं आणि साऱ्या भक्त मांजरांनी बाबांना झगडून चाटायला घेतलं.

मला वाटलं, संपलं. पण लेक म्हणाला, "तेल तर तेल. पाणी शांत झालं ना? मी डबाच भरून नेतो."

सूनबाईने त्याचा हात धरून बोट दाखवलं. "मघाच्या पट्ट्यातला तो तरंगता बोया बघ."

पाणी तुळतुळीत होतं, बोया मात्र पुरुषभर वर-खाली होत होता.

"वारा पाण्याला घासतो, त्याने बारीक लाटा उठतात. तेलाची पातळ साय त्यांना मारते, वाऱ्यालाही पकड मिळू देत नाही. पण ही मोठी लाट दूरच्या वादळातून आलीय. पाणी उथळ झालं की ती उंच होते आणि फुटते. तेल सुरकुत्या पुसतं रे, लाट नाही."

लेकाने बोया वर जाऊन खाली आदळताना पाहिला. मग त्याने बाटली काढून बोक्यापुढे ओतली.

बाबा मांजरांच्या मिरवणुकीसह बस स्टँडकडे पळाले. संध्याकाळी लाटा धक्का ओलांडून आल्या आणि त्यांची गादी घेऊन गेल्या. समुद्राच्या तळाशी गादी असल्याचं त्यांचं म्हणणं तेवढं खरं ठरलं. लेक घरी जेवत होता. बायकोने सुनेला आग्रहाने वाढलं, कांद्याचा विषय काढला नाही.

माझ्या थापांवर खुशाल विश्वास ठेवा, त्यापायी कुणी वादळात होडी घालत नाही. पण चमत्कार दिसला की आधी वारा कुठून आहे ते बघा, काठी हातात घेऊन बघा, प्रश्न विचारा. आणि वास घ्या. नाक काही चष्मा अडकवायलाच मिळालेलं नाही.