न दुखणारी गाठ

सुईण हौसाचा हात दमयंतीच्या डाव्या स्तनाशी थांबला तो पुढे सरकेना. न्हाणीत वाफ दाटली होती आणि पाटावर बसलेली दमयंती डोळे मिटून अंग रगडून घेत होती. पहिलंच बाळंतपण, माहेरी आलेली, पोर अडीच महिन्यांचं. तीन आठवड्यांपूर्वी ही गाठ हाताला लागली तेव्हा हौसा म्हणाली होती, दूध साकळलंय, शेकलं की जाईल. भाट्ये गावातल्या सगळ्याच बाळंतिणींना ती हेच सांगत आली होती, आणि बहुतेकींची गाठ जातही असे. दुधाची गाठ ठणकते, लाल होते, पोराने ओढलं की मऊ पडते. ही फणसाच्या आठळीएवढी, टणक, आणि दाबली तरी दमयंती हूं की चूं करत नव्हती.

"दुखत नाय?"

"नाय गो. बरी झाली वाटतं."

अशीच गाठ हौसाने पाच वर्षांपूर्वी याच न्हाणीत चाचपली होती. ती दमयंतीच्या थोरल्या बहिणीची, गोदाची. आठ महिने हौसा ती शेकत बसली. गाठ फुटली तेव्हा कुठे ती दुधाची नव्हे हे घरादाराला कळलं, आणि पुढच्या शिमग्याला गोदा नव्हती. गेल्या वर्षी सरकारी दवाखान्यात सुइणींना चार दिवस शिकवलं. नर्सबाईंनी बजावलं होतं, जी गाठ दुखत नाही तिलाच भ्या, लहान आहे तोवर कापून काढता येते. हौसाने मान डोलावली होती आणि त्या दिवशी घरी येऊन ती जेवली नव्हती.

सन चौतीसचा मे संपत आला होता आणि आज हंगामातली शेवटची आगबोट होती. दुपारी दोनला ती रत्नागिरी बंदराबाहेर उभी राहणार, पडावातून, म्हणजे लहान होड्यांतून, माणसं घेणार आणि मुंबईला निघणार. मग नारळी पौर्णिमा उलटेपर्यंत समुद्र बंद. मुंबईत दमयंतीचा नवरा रघू होता, मोठी इस्पितळं होती. तीन महिन्यांत या आठळीचं काय होईल ते हौसाला पुरतं ठाऊक होतं.

ती ओल्या हातांनीच ओटीवर गेली. दमयंतीचा बाप आप्पा पावसाळ्यासाठी माडाच्या झावळ्यांचा झाप विणत होता, आई कमळा तांदूळ निवडत होती. हौसाने जे हाताला लागलं ते सांगितलं, आणि आजच्याच बोटीने पोरीला मुंबईला न्या म्हणाली.

कमळा उसळलीच. "दुखत नाय, खुपत नाय, नि तान्हं पोर घेऊन बोटीत घालू? बोट लागली म्हणजे दूध आटेल तिचं. पावसाळा सरू दे."

"पावसाळा सरेपर्यंत उशीर होईल, वयनी."

"तुला काय कळतंय? बायांच्या अंगावर अशा गाठी असतात. वर्सानुवर्सं असतात, काय होत नाय."

आप्पाने हातातला झाप बाजूला ठेवला. "हौसा, दुधाची गाठ हाय असं तूच म्हणालीस ना?"

खरं बोललं तर हे घर तुटणार, आणि हे घर तुटलं की भाट्यात कोणी हौसाला न्हाणीत पाय ठेवू देणार नाही. तिचं पोट या दोन हातांवर होतं. पाच वर्षं तिने सगळं दैवाच्या माथी मारलं होतं, तसंच आजही मारता आलं असतं.

"म्हणाले. गोदालाही तेच म्हणाले होते. तिची गाठ अशीच, न दुखणारी. तुम्ही तिला डॉक्टराकडं न्यायला निघाला होतात, आप्पा. मी अडवलं. तेव्हा मला ठाऊक नव्हतं, आता ठाऊक हाय. गोदा माझ्यामुळं गेली."

आप्पा उठला. तो अंगावर धावून येणार असं वाटून हौसाने डोळे मिटले. पण तो पायरीशी गेला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "मला पुन्हा तोंड दाखवू नकोस." मग आत ओरडून सांगितलं, "दमयंती, पोराचं आवर. मी होडी सांगून येतो." आणि तो खाडीकडे निघाला.

हौसा तेलाची वाटी उचलायला न्हाणीत गेली. पाठोपाठ कमळा आली आणि तिने दार लोटलं. आता ही बोलून घेणार, हौसाने मनाची तयारी केली. पण कमळाने चोळी सोडली, हौसाचा हात धरला आणि आपल्या उजव्या काखेखाली नेऊन ठेवला.

"दोन वर्सं झाली," ती म्हणाली. "दुखत नाय. गोदासारखी नाय ना? नाय म्हण, हौसा."

हाताखाली लिंबाएवढी गाठ होती. ती हलत नव्हती आणि वरची कातडी आत ओढली गेली होती. 'नाय' म्हणणं किती सोपं होतं. बाहेर दमयंती पोराला दुपट्यात गुंडाळत होती.

"वयनी, तुमचंही बोचकं बांधा," हौसा म्हणाली. "आप्पांना मी सांगते."

तिने हात पुसले आणि आप्पाला गाठायला ती खाडीच्या वाटेने धावत सुटली.